पहिला पतंग तिच्या मापाचा हवा



आपल्या घरांत मुलींना वस्तू कशा मिळतात ते आठवून पाहा. दादाची सायकल, मोठ्या बहिणीचा गणवेश, काकांनी बदलला म्हणून आलेला लॅपटॉप. यात वाईट काहीच नाही. चांगली वस्तू वापरात राहते, पैसा वाचतो, आणि नको तेवढा संग्रह करू नये हे मुलांना न शिकवता कळतं. मी स्वतः या पद्धतीच्या बाजूची आहे. पण एक वस्तू अशी आहे जी "घरातलीच आहे, वापर" म्हणून मुलीच्या हातात देऊ नये असं माझं ठाम मत आहे. ती म्हणजे पाण्यावरचा पतंग.

माझी भाची, ताईची धाकटी, चोवीस वर्षांची. बँकेत नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात ती गोव्याला मोरजीमच्या किनाऱ्यावर जाऊन काईटसर्फिंग शिकून आली. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कमरेला पट्टा, पट्ट्याला बार अडकवलेला, बारापासून वीस-चोवीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा मोठा पतंग. पायांखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि फळी पाण्यावरून सुसाट निघते. संक्रांतीला गच्चीवर आपण पतंगाला ओढतो, इथे पतंग आपल्याला ओढतो. फरक एवढाच, पण सगळं महत्त्व त्याच फरकाला आहे.

आता तिला स्वतःचं साहित्य घ्यायचं आहे. तिचा चुलतभाऊ परदेशात असतो, तोही हा खेळ खेळतो. त्याने नवा संच घेतला आणि जुना हिला देऊ केला. बारा चौरस मीटरचा पतंग, बार आणि फळी, सगळं फुकट. ताई खूश झाली. "घरातलंच आहे, एवढा खर्च कशाला करायचा?" म्हणाली. भावजींचंही तेच मत. भाची माझ्याकडे आली, "मावशी, आई ऐकत नाही, तू बोल." म्हणून आधी ताईशी बोलले, आणि आता तुमच्याशी बोलते आहे. कारण हा प्रश्न फक्त तिचा नाही. आज आपल्या मुली ट्रेकला जातात, सायकलवर लांब जातात, उद्या समुद्रावरही जातील. त्यांना "नाही" म्हणणाऱ्या आयांपेक्षा मला "हो, पण नीट घे" म्हणणाऱ्या आया जास्त हव्या आहेत.

फुकटचा पतंग महाग का पडतो, त्याचा हिशोब असा. पतंगाचं माप चौरस मीटरमध्ये असतं, आणि ते दोन गोष्टींवरून ठरतं: चालवणाऱ्याचं वजन आणि वाऱ्याचा वेग. खेळणाऱ्यांमध्ये एक साधा ठोकताळा चालतो. किलोमधलं वजन २.२ ने गुणायचं आणि वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगाने भागायचं. एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर. भाऊ ऐंशी किलोचा आहे. पंधरा नॉटच्या वाऱ्यात त्याला ८० गुणिले २.२ भागिले १५, म्हणजे जवळजवळ बारा मीटरचा पतंग लागतो. त्याच्यासाठी तो पतंग अगदी बरोबर आहे. आमची भाची बावन्न किलोची. त्याच वाऱ्यात तिला साडेसात मीटर पुरतो. वारा मंद, बारा नॉटचा असेल तर साडेनऊ.

हाच हिशोब उलटा करून पाहा. बारा मीटरचा पतंग बावन्न किलोच्या मुलीला कुठल्या वाऱ्यात योग्य? सुमारे साडेनऊ नॉट. एवढ्या मंद वाऱ्यात नवशिक्याकडून पतंग धड आकाशात ठरत नाही. आणि दुपारी वारा वाढून पंधरा नॉटवर गेला की? वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. साडेनऊचे पंधरा झाले तर ओढ अडीच पट. गव्हाचं पीठ थोडं जास्त पडलं तर पाणी घालून सावरता येतं, पण पाण्यावर हवेत उचलली गेलेली मुलगी अशी सावरता येत नाही. भावासाठी तो पतंग सुरक्षित होता म्हणून बहिणीसाठीही आहे, हे गृहीत धरण्यातच धोका आहे. त्यात कुणाचा दोष नाही, मापं वेगळी आहेत एवढंच.

म्हणून माझं पहिलं मत: पहिला पतंग तिच्या वजनाचा आणि ती जिथे खेळणार त्या किनाऱ्याच्या वाऱ्याचा. आमच्या भाचीला नऊ मीटरचा एक पतंग पुरेसा आहे. गोव्यात हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो, तो बहुतेक वेळा सौम्यच असतो. ती जर रामेश्वरमला जाणार असती, जिथे वर्षात वाऱ्याचे दोन हंगाम येतात आणि वारा बराच जोरकस असतो, तर मी सात-आठचा म्हणाले असते. दुकानदार म्हणतात तीन पतंग घ्या, सात, नऊ, बारा, म्हणजे कुठल्याही वाऱ्यात जाता येईल. नवशिक्याने कुठल्याही वाऱ्यात जायचंच नसतं. ज्या दिवशी वारा आपल्या पतंगाचा नाही, त्या दिवशी किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांचं पाहायचं. परिग्रहाला मर्यादा घालायची हे आपण व्रत म्हणून ऐकत आलो. इथे ती मर्यादा जीवही वाचवते.

दुसरं मत: पतंगाआधी धडे. मला असं कळलं की काही उत्साही मंडळी आधी संच विकत घेतात आणि मग व्हिडिओ पाहून शिकायला जातात. हे मला अजिबात पटत नाही. शिकवणारे आधी जमिनीवर दोन-तीन मीटरचा छोटा पतंग हातात देतात. वारा कुठून येतो, पतंगाचा जोर कुठे सर्वांत जास्त असतो आणि डोक्यावर आणला की कसा कमी होतो, हे तिथे कळतं. मग पाण्यात फळीशिवाय नुसतं पतंगाच्या ओढीने सरकायचं, आणि शेवटी फळीवर उभं राहायचं. यात काही दिवस जातात. त्या दिवसांत वेगवेगळ्या मापांचे पतंग शाळेचेच वापरता येतात, आणि आपल्याला काय झेपतं ते आपोआप समजतं. धड्यांवर घातलेला पैसा वाया गेला असं मी कुणाकडून ऐकलेलं नाही. आणि हो, पोहता येत नसेल तर धडेही नकोत. आधी तरणतलाव, मग समुद्र.

तिसरी गोष्ट, जुना घ्यावा की नवा? नवा पतंग आणि बार मिळून आपल्याकडे लाखाच्या वर जातात, कारण हे साहित्य बाहेरून येतं. तेव्हा जुना घेण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. फक्त किती जुना, हे पाहायला हवं. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली हवा भरून फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. कडेच्या नळ्यांत हवा असल्यामुळे पाण्यात पडलेला पतंग तरंगतो आणि पुन्हा उडवता येतो. पण सुरुवातीच्या पतंगांचा जोर कमी करायची सोय जवळजवळ नव्हती. बार पुढे ढकलला की ओढ जवळपास संपते, असे पतंग २००५ च्या सुमारास बाजारात आले. त्याच्या आधीचा पतंग कुणी पैसे देऊन दिला तरी घेऊ नये. मी तर म्हणेन, चार-पाच वर्षांपेक्षा जुनाच नको, कारण उन्हाने कापड मरतं.

आणि कापड पाहण्याच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का? आपण उल्हासनगरच्या बायका. गजानन मार्केटमध्ये आणि जपानी बाजारात कापड बोटांच्या चिमटीत धरून, ताणून, उजेडासमोर धरून पाहण्यात आपलं आयुष्य गेलं. तीच नजर इथे वापरायची. पतंगाचं कापड बारीक चौकड्यांच्या विणीचं असतं, छोटी चीर पुढे फाटत जाऊ नये म्हणून. नवं कापड हातात कागदासारखं कुरकुरतं. जुनं, उन्हाने थकलेलं कापड धुऊन धुऊन मऊ पडलेल्या ओढणीसारखं लागतं. रंग उडाला आहे का पाहा. उजेडासमोर धरून बारीक भोकं शोधा. मागच्या कडेची शिवण पाहा, तिथे कापड सतत फडफडतं म्हणून ती आधी उसवते. ठिगळ असलं तर घाबरू नका, नीट लावलेलं ठिगळ चालतं; कुठे आणि किती आहेत ते मोजा. मग पंपाने हवा भरून दोन-तीन तास तसाच ठेवा. नळ्या सैल पडल्या तर आत गळती आहे. चारही दोऱ्या एका खिळ्याला बांधून ताणा आणि त्यांची लांबी जुळते का पाहा. संक्रांतीला कण्णी तिरकी बांधली की पतंग एका बाजूला गोते खातो, तसाच एक दोरी ताणून लांब झाली की हाही खातो.

एका गोष्टीवर मात्र घासाघीस करू नका. ती म्हणजे बारावरची सुटका, ज्याला ते क्विक रिलीज म्हणतात. संकटात तो भाग शरीरापासून दूर ढकलला की पतंग सुटतो, एकाच दोरीवर लटकून निर्बल होतो आणि माणूस वाचतो. त्यानंतरही ओढत राहिला तर ती शेवटची दोरीही सोडायची दुसरी सुटका असते. या सुटकांसाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० साली आलं. म्हणून पतंग जुना घेतला तरी बार शक्यतो नवा, या मानकात बसणारा घ्यावा, आणि पतंगाला तो जुळतो ना हे शिकवणाऱ्याला विचारावं. विकत घेण्याआधी मुलीने स्वतःच्या हाताने, दोऱ्यांवर ताण असताना, डोळे मिटून सुटका करून पाहावी. वाळू आणि मीठ अडकून तो भाग कडक झालेला असतो. दुकानदाराने करून दाखवणं वेगळं आणि आपल्या मनगटाला ते जमणं वेगळं.

फळीचं गणित उलटं आहे. पतंग मोठा नको, पण पहिली फळी जरा मोठीच हवी. दोन्ही टोकं सारखी असलेली ट्विन टिप घ्यायची, म्हणजे परत फिरताना पाय बदलावे लागत नाहीत. रुंद आणि सपाट फळी मंद वाऱ्यातही लवकर पाण्यावर येते. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलीला १३५ ते १३८ सेंटीमीटर लांब आणि चाळीसएक सेंटीमीटर रुंद फळी ठीक. भावाची १४५ ची फळी एक वेळ चालेल, वळवताना जड जाईल पण धोका नाही. पाय अडकवायचे पट्टे मात्र तिच्या पावलांना आवळून बसले पाहिजेत. जुन्या फळीच्या कडा अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागल्या, तर आत पाणी शिरलं आहे. फळी पायाला दोरीने बांधून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पडल्यावर ती दोरी ताणली जाते आणि फळी उलटी येऊन डोक्यावर आपटते. हरवलेली फळी पतंगाच्या ओढीने सरकत जाऊन आणायची असते, आणि ते धड्यांतच शिकवतात.

कमरेचा पट्टा, शिरस्त्राण आणि तरंगायचं जाकीट, हे तिन्ही तिच्या अंगाचं, आणि शक्यतो नवं. कंबरपट्टा सैल असला तर ओढ लागल्यावर वर सरकून बरगड्यांत घुसतो. बायकांच्या बांध्याचे पट्टे वेगळे मिळतात. तेही टिकत नसतील तर मांड्यांतून पट्टे जाणारा बैठा पट्टा घ्यावा, तो जागचा हलत नाही. कपड्यांची काळजी करणाऱ्या आज्यांसाठी सांगते, पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ पोशाखच इथे शहाणपणाचा, कारण ऊन आणि मीठ दोन्ही अंग जाळतात.

टीव्हीवर पाहून मोहात पडू नका, हेही मुलींना सांगा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या आणि महिलांचं सुवर्ण ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजने जिंकलं. त्या मुली ज्या फळीवर उभ्या होत्या तिच्याखाली पाण्यात पंख असतो आणि फळी पाण्याच्या वर उचलली जाते. त्यांचे पतंगही वेगळे, बिननळीचे, पाण्यात पडले तर पुन्हा उचलायला कठीण. ते साहित्य उत्तम आहे, पण पहिलं नाही. चालायला शिकणाऱ्या बाळाला आपण खिळ्यांचे बूट घालत नाही.

आता आपल्या घरांतले प्रश्न. दिवस मावळण्याआधी जेवायचं, ते कसं जमणार? गोव्यातला वारा दुपारी येतो आणि सूर्य कलला की मंदावतो. तेव्हा सरावाचा शेवट आणि आपली वेळ दोन्ही जुळवता येतात, फक्त डबा सोबत हवा. माझी भाची खाकरे, दशम्या आणि सुकी भाजी नेते आणि किनाऱ्यावरच जेवण उरकते. चातुर्मासात प्रवास नको, असं काही घरांत पाळतात. त्या महिन्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. कोळी बांधवांनाही १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. तेव्हा पावसाळ्यात इकडच्या समुद्रावर जायचं नाही, हे नवशिक्यासाठी धर्माने आणि वाऱ्याने दोघांनी सांगितलेलं आहे.

आणि जीवदयेचं काय? हा प्रश्न मला पाठशाळेतल्या एका मैत्रिणीने विचारला, आणि तो योग्यच होता. मोरजीमच्या वाळूत ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. वनखातं ती जागा कुंपण घालून राखतं. तिथून लांब पतंग पसरायचा, तिकडे वाळू तुडवायची नाही, हा नियम मुलीला पाठ हवा. पक्ष्यांचे थवे बसलेले असतील तिथेही पतंग उतरवायचा नाही. या दोऱ्यांना मांज्यासारखी काच लावलेली नसते. पण ताणलेली दोरी हात कापते तशी पंखही कापू शकते. संक्रांतीला जखमी कबुतरं टोपलीत घालून नेणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

"हे श्रीमंतांचे चोचले" असंही ऐकलं. खर्चिक खेळ आहे, ते खरं. पण लग्नात एका संध्याकाळी आपण काय उडवतो ते मी इथे लिहीत नाही. भाचीने दोन वर्षं पगारातून साठवलं आहे. ती थिवीपर्यंत रेल्वेने जाते आणि साध्या खोलीत राहते. तिचा पैसा आहे, तिचं शरीर आहे आणि धोकाही तिचाच आहे. मग माप दुसऱ्याचं का?

ताईला मी हेच सांगितलं. भावाचा बारा मीटरचा पतंग त्याला आभार मानून परत पाठव, नाहीतर त्याच्याएवढ्या वजनाच्या कुणाला तरी देऊ दे. फळी ठेव. नऊ मीटरचा, दोन-तीन वर्षं वापरलेला पतंग भाचीच्या शिक्षकाला दाखवून घ्या. बार, पट्टा, शिरस्त्राण नवं घ्या. आणि एकटीला कधीही पाठवू नका. पतंग वर सोडायला आणि उतरवायला जोडीदार लागतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर त्या दिवशी पतंग पिशवीतच राहू दे, कारण तो वारा माणसाला आत नेतो, परत आणत नाही. ताईने अजून "हो" म्हटलेलं नाही. पण काल तिने फोन करून विचारलं, "ते वजनाचं गणित पुन्हा सांग गं, मी वहीत लिहून घेते." गणित वहीत उतरलं की घरात निर्णय व्हायला फार दिवस लागत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात पतंग नसेल कदाचित. पण हेल्मेट असेल, डोंगर चढायचे बूट असतील, स्कूटी असेल. मुलीला एखादी जुनी वस्तू देण्याआधी एकदाच विचारा: ही तिच्या मापाची आहे का? असेल तर आनंदाने द्या, नसेल तर फुकट असली तरी देऊ नका.

जय जिनेंद्र.